करंगळी सोडून

कार्पल टनेल सिंड्रोम या मनगटाच्या दुखण्यात करंगळीला काही होत नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, ती बधिर पडतात, रात्री ठणकतात. करंगळी त्यांच्या शेजारी असून शाबूत राहते. म्हणून ओळखीतली कुणी "माझा हात बधिर होतो गं" म्हणाली की मी आधी करंगळीचं विचारते. ती थबकते, दुसऱ्या हाताने एकेक बोट चोळून बघते आणि जरा नवलाने म्हणते, "खरंच की, हिला काही नाही." तोवर ते तिच्या लक्षात आलेलं नसतं. हात बधिर होतो म्हणजे अख्खा हात होतो, असंच आपण धरून चालतो.

करंगळीची नस वेगळ्या वाटेने तळहातात येते. उरलेल्या साडेतीन बोटांची नस, जिला डॉक्टर मीडियन नर्व्ह म्हणतात, ती मनगटातल्या एका बोगद्यातून येते. या बोगद्याचा तळ आणि बाजू मनगटाच्या लहान लहान हाडांच्या, ही हाडं एकूण ८. वरचं छत म्हणजे एक जाड, चिवट, आडवा पट्टा. बोटं मिटवणारे ९ टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, याच बोगद्यातून जातात, चार बोटांचे दोन-दोन आणि अंगठ्याचा एक. दहावी ही नस. पुण्याच्या कसब्यातल्या जुन्या बोळात समोरून भरलेली हातगाडी आली की माणसाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, तशी तिची अवस्था. टेंडनवरचं आवरण थोडं सुजलं, अंगावर पाणी चढलं, मनगट फार वेळ दुमडलेलं राहिलं, की आतला दाब वाढतो. हाडं जागची हलत नाहीत, पट्टा ताणला जात नाही, टेंडन मुळातच चिवट. त्या सगळ्यांत मऊ असते ती नस, आणि तीच दबते. हाच तो कार्पल टनेल सिंड्रोम.

झोपेत आपण मनगट नकळत दुमडून घेतो, म्हणून त्रास रात्रीचा जास्त. दोन-तीनच्या सुमाराला जाग येते, हात आपला वाटत नाही, आणि बाई अंथरुणात बसून तो झटकत राहते. झटकल्यावर बरं वाटतं का, हा डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न आहे आणि "हो" या उत्तराला त्यांच्या लेखी बरंच वजन आहे. आणखी एक खूण आहे, ती मला फार उपयोगाची वाटते: बोटं बधिर असली तरी तळहाताच्या मधल्या कातडीला स्पर्श नीट कळतो, कारण तिथे जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच फुटते आणि छताच्या वरून जाते. मानेतली नस दबली असेल तर दुखणं असं बेतून दिल्यासारखं नसतं.

हे सगळं मी इतक्या आवडीने सांगते याचं कारण माझी आई.

आमचा वाडा कसबा पेठेत होता. तांबट आळीतला मठारकामाचा ठोका दिवसभर कानावर असायचा, आणि त्याच्या जोडीला स्वयंपाकघरातून पोळपाटावरच्या लाटण्याचा. एकत्र कुटुंब, दोन्ही वेळच्या पोळ्या, सणाला पुरणाच्या. कणीक तिंबायची ती आईने, लाटायची ती आईने. धुण्याची बाई होती तरी नऊवारी लुगडी आणि चादरी पिळायला तिला दुसरे हात लागायचे, तेही आईचे. रात्री ती पलंगाच्या कडेला येऊन हात खाली लोंबता सोडून झोपायची. तसाच बरा वाटतो, म्हणायची. सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा दाताने फाडायची, कारण चिमटीत धरवत नसे.

घरात त्याला वात म्हणत. पुढे कुणी मानेचा एक्स-रे काढला, गळ्याला पट्टा आला. कुणी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. तेल तर कायमच. या सगळ्यात किती वर्षं गेली त्याचा राग मला आजही येतो, कारण या प्रवासात एकाही ठिकाणी कुणी तिचा तळहात उलटा करून नीट पाहिला नव्हता. पाहिला असता तर डोळ्यांना दिसलं असतं. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो तिच्या उजव्या हाताला उरलाच नव्हता. तिथे सपाटी होती, आणि पुढे पुढे खळगा. अंगठा बाकीच्या बोटांसमोर आणून टेकवण्याचं काम करणारे स्नायू तिथे असतात आणि त्यांना हुकूम देणारी फांदी याच दबलेल्या नसेची असते. तो खळगा पडला तेव्हा आईने रांगोळी काढणं सोडलं. ब्लाउजचे हूक मोठ्या वहिनी लावून देऊ लागल्या. हे वयाचं आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आईनेही.

शेवटी साखर तपासायला गेलो असताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि तो सोडलाच नाही. महिन्याभरात ऑपरेशन झालं, तळहातावर छेद घेऊन, जुन्या पद्धतीचं. त्या रात्री आई सलग झोपली. सकाळी उठल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं, "किती वाजले?" कारण खिडकीत ऊन आलं होतं.

झोप परत आली. बोटांचा बधिरपणा हळूहळू बराचसा गेला. अंगठा मात्र परत आला नाही. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं: नस पुन्हा वाढते ती फार तर दिवसाला १ मिलिमीटरच्या आसपास, आणि ती पोहोचेपर्यंत स्नायू जिवंत राहायला हवा. फार वर्षं हुकूम न मिळालेल्या स्नायूची चरबी आणि तंतू होऊन जातात. मग नस सुटली तरी तिचं ऐकणारं कुणी नसतं. दुसरा एखादा टेंडन वळवून अंगठ्याला जोर देण्याचं ऑपरेशनही असतं, तेही त्यांनी सुचवलं. आई म्हणाली, "आता मला कुठे रांगोळ्या काढायच्यात!" आणि विषय संपला.

त्यानंतर मी या दुखण्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. मनगटाचं हाड मोडल्यानंतर नस दबलेल्या रुग्णाचं वर्णन सर जेम्स पॅजेट यांनी इंग्लंडमध्ये १८५४ साली करून ठेवलं आहे. रात्री हाताला मुंग्या येऊन उठणाऱ्या रुग्णांबद्दल बोस्टनच्या जेम्स पटनम यांनी १८८० मध्ये लिहिलं. पण मला थांबवलं ते १९१३ सालच्या एका फ्रेंच निबंधाने. पियर मारी आणि शार्ल फ्वा या दोघांनी अंगठ्याचे स्नायू सुकलेल्या एका वृद्ध रुग्णाचं शवविच्छेदन केलं. पट्ट्याच्या अलीकडे नस फुगलेली होती आणि पट्ट्याखाली चिमटलेली. त्यांनी सुचवलं की निदान वेळेत झालं तर हा पट्टा कापून पुढचं सगळं टाळता येईल. रुग्ण गेलेला, हात सुकलेला, आणि त्याच्यावरून त्यांनी पुढच्या माणसांसाठी उपाय सांगून ठेवला. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्ज फेलन यांनी रुग्णांमागून रुग्ण तपासून हे दुखणं किती सर्रास आहे ते दाखवलं, आणि मग हे ऑपरेशन जगभर रुळलं. कसब्यातली माझी आई पोळ्या लाटत होती तेव्हा हे सगळं कधीच माहीत झालेलं होतं.

माझ्या हाताला सुरुवात झाली ती स्कूटरवर. पुण्यात दुचाकीशिवाय बाईचं पान हलत नाही. मी शाळेत शिकवते आणि घर कोथरूडला, शाळा शहरात. कर्वे रोडला नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलं की उजवा हात ॲक्सिलरेटरवरून काढून झटकावा लागायचा. मग खडू. मग पेपर तपासताना लाल पेन बोटांतून निसटू लागलं. करंगळी ठीक होती. मी त्याच आठवड्यात हाताच्या सर्जनकडे गेले.

तपासणी इतकी साधी असते की ती घराघरात माहीत असायला हवी. मनगटावर नसेच्या जागी बोटाने टिचक्या मारल्या की बोटांत झिणझिणी जाते का, हे बघतात. ही टिनेल यांची खूण. दुसरी फेलन यांची: दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून, मनगटं पूर्ण दुमडून एक मिनिट धरायची. उलटा नमस्कारच तो. माझी बोटं अर्ध्या मिनिटाच्या आत भरून आली. त्यानंतर एनसीव्ही, म्हणजे विजेचे बारीक झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणं. मनगट ओलांडताना तो कुठे आणि किती रेंगाळतो यावरून दाब किती जुना आणि किती खोल हे कळतं. शिवाय साखर आणि थायरॉईडच्या तपासण्या, कारण मधुमेह आणि मंदावलेलं थायरॉईड या दोन्हींमध्ये हे दुखणं जास्त दिसतं. संधिवातातही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही खूप जणींना होतं, आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर आपोआप ओसरतं. वयस्कर माणसाच्या दोन्ही हातांना झालं असेल तर काही वेळा ते अमायलॉइड नावाचं प्रथिन शरीरात साठत असल्याचं पहिलं चिन्ह असतं, आणि ते प्रथिन हृदयातही साठू शकतं. आजोबांचे दोन्ही हात बधिर असतील तर डॉक्टरांना हे जरूर विचारावं.

संगणकाचं काय, असं सगळे विचारतात. हिंजवडीला नोकरी करणारा प्रत्येक भाचा आपल्या मनगटाचा दोष कीबोर्डला देतो. कीबोर्डविरुद्धचा पुरावा त्या मानाने कच्चा आहे. जोर लावून तीच ती हालचाल करणं, थरथरणारी यंत्रं धरणं आणि मनगट टोकापर्यंत वाकवून काम करणं, यांच्याविरुद्धचा पुरावा भक्कम आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या २०१० च्या यादीत कार्पल टनेल सिंड्रोम याच कारणांसह नोंदलेला आहे. ती ओळ वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आईचं लाटणं आलं.

मला आधी रात्रीचा स्प्लिंट मिळाला. मनगट सरळ ठेवणारा पट्टा, एवढंच त्याचं काम, आणि सौम्य दुखण्याला तो खरोखर पुरतो. मग बोगद्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन. त्याने काही महिने फार चांगले गेले. दुखणं परत आलं तेव्हा दुसऱ्या एनसीव्हीत आकडे खाली गेलेले होते आणि सर्जन म्हणाले, "अंगठ्याची ताकद अजून पूर्ण आहे. ऑपरेशन करायचं तर ती असतानाच करू."

मग प्रश्न आला कुठल्या पद्धतीने. दुर्बिणीतून, टाक्यांशिवाय, व्रण न राहता, काही मिनिटांत, अशा जाहिराती आता सगळीकडे दिसतात आणि दुखण्याने कावलेल्या माणसाला त्या ओढून घेतात. मी सर्जनना बसवून सगळं विचारून घेतलं आणि त्यांनी न कंटाळता सांगितलं.

सगळ्या पद्धतींत आत होतं ते एकच: तो आडवा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण कापला जातो. छत उघडलं की नसेला जागा मिळते. कापलेल्या दोन कडांमध्ये पुढे नवे तंतू भरून येतात, पण बोगदा आधीपेक्षा रुंद झालेला असतो. फरक आहे तो तिथवर पोहोचण्याच्या वाटेत. जुन्या पद्धतीत तळहातावर साधारण ३ ते ४ सेंटिमीटरचा छेद असतो आणि सगळं थेट डोळ्यांसमोर असतं. छोट्या छेदाच्या पद्धतीत तोच छेद दीड-दोन सेंटिमीटरवर येतो. दुर्बिणीच्या पद्धतीत मनगटाच्या घडीवर सुमारे १ सेंटिमीटरचा छेद घेऊन कॅमेऱ्याची बारीक नळी पट्ट्याच्या खालून सरकवतात आणि पट्टा आतून कापतात. काही सर्जन तळहातात दुसरं एक छोटं छिद्रही घेतात. ही वाट १९८० च्या दशकाच्या अखेरीला खुली झाली, जपानमध्ये ओकुत्सु यांनी आणि अमेरिकेत जेम्स चाऊ यांनी, आणि थोड्याच काळाने जॉन एजी यांनी एकाच छेदातून करायची पद्धत आणली. हल्ली सोनोग्राफीत बघत, सुईएवढ्या छिद्रातून, बारीक सुरीने किंवा चक्क दोऱ्याने पट्टा कापण्याचेही प्रकार आहेत. ते नवे आहेत.

दुर्बिणीचा खरा फायदा असा की तळहाताचं कातडं, त्याखालची चरबी आणि तिथला पडदा शाबूत राहतात. खुर्चीवरून उठताना आपण जिथे भार देतो, कुकरचं झाकण जिथे रुतवतो, नेमकी ती जागा कापलेली नसते. त्यामुळे माणूस कामाला लवकर लागतो. वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र तुलना झाली तेव्हा हा फरक सरासरी आठवडाभराचा निघाला. व्रणाच्या तक्रारीही कमी. दुसऱ्या बाजूला, नसेला तात्पुरता धक्का बसून काही काळ मुंग्या वाढण्याचं प्रमाण दुर्बिणीत थोडं जास्त आहे. कायमची इजा दोन्हींत क्वचित. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने दोन्ही गटांतल्या रुग्णांना विचारलं तर उत्तरं जवळपास सारखीच येतात.

सर्जननी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या कुठल्याही जाहिरातीत मला दिसल्या नव्हत्या. अंगठ्याकडे जाणारी फांदी प्रत्येकाच्या हातात एकाच जागी नसते, काहींच्यात ती पट्ट्यातूनच वाट काढते. म्हणून आत चित्र स्वच्छ दिसलं नाही तर नळी बाहेर काढून सरळ छेद घ्यायचा, आणि त्याची संमती रुग्णाने आधीच द्यायची. दुसरी म्हणजे ऑपरेशननंतरही त्रास राहण्याचं एक नेहमीचं कारण, टोकाशी पट्टा थोडासा न कापलेला राहणं. छेद केवढा याच्याआधी रुग्णाने सर्जनना हे विचारावं की त्यांनी अशी किती ऑपरेशनं केली आहेत आणि त्यातली कुठल्या पद्धतीची. हे विचारताना आपल्याकडे संकोच वाटतो. मला त्यांनी राग न मानता उत्तर दिलं, आणि मी त्यांच्या हातात हात दिला तो त्या उत्तरामुळे.

माझं दुर्बिणीतून झालं. जागेवर भूल, मी पूर्ण जागी. दंडाला रक्त अडवणारा पट्टा फुगवला होता, त्याचं दुखणं मात्र चांगलंच जाणवलं. हातात काय चाललंय ते कळतही नव्हतं. पडदा माझ्या बाजूला थोडा वळवून दिला होता. त्यावर पांढरेशुभ्र आडवे तंतू दिसत होते, एकाला एक लागून. पातं सरकत गेलं तसे ते दोन्ही बाजूंना सरले आणि मधल्या फटीतून वरची पिवळी चरबी आत डोकावली. सर्जन म्हणाले, "ही दिसली म्हणजे छत पूर्ण उघडलं." मला आईचा हात आठवला आणि डोळ्यांत पाणी आलं. नर्सताईंना वाटलं दुखतंय, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बोटं लगेच हलवायला सांगितली. त्याच दुपारी घरी आले. रात्रीचा ठणका पहिल्याच रात्री नव्हता, आणि हे बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं. बोटांच्या टोकांचा बधिरपणा जायला मात्र काही आठवडे लागले. तळहाताच्या दोन्ही कडांना, जिथे पट्ट्याची टोकं हाडांना बांधलेली असतात, तिथे दाबलं की खोल दुखायचं. याला पिलर पेन म्हणतात. दुर्बिणीने ते पुरतं टळत नाही, काही आठवडे ते काही महिने राहतं आणि मग जातं. पकडीचा जोर परत यायला सर्वसाधारणपणे तीन महिने धरावेत. जड पिशवी, ओल्या चादरी पिळणं, कणीक तिंबणं, हे सगळं त्या हिशेबाने.

म्हणजे पोळ्या. आणि पोळ्या म्हटलं की आमच्या मावशी.

मावशी सकाळी सातला येतात. माझ्या घरासह चार घरच्या पोळ्या, आणि दुपारी एका पोळी-भाजी केंद्रात लाटायला बसतात. तिथे मोजून नगावर पैसे मिळतात. घडीची पोळी, एकसारखी, पापुद्रा सुटलेली. माझ्या मनगटावरची छोटी पट्टी पाहून त्यांनी विचारलं, "पडलात काय?" मी सांगू लागले आणि सवयीने करंगळीचं बोलले. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. पिठाचे हात तसेच धरून बोटं एकेक करून बघितली.

"ताई, माझंबी करंगळी सोडूनच आहे."

किती दिवसांपासून, म्हटलं. दोन दिवाळ्या झाल्या, म्हणाल्या. रात्री उठून हात गार पाण्यात घालून बसतात. कुणाला सांगितलं नाही, कारण हाताला काही झालंय हे एका घरात कळलं की चारही घरांत कळतं, आणि मग घरं जातात. मी त्यांचा तळहात उलटा करून अंगठ्याचं बूड पाहिलं. उंचवटा होता. डाव्याइतका भरलेला नव्हता, पण होता.

हे दुखणं बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जवळपास तिपटीने आढळतं. त्यात शरीराचा वाटा आहे, हार्मोन्सचा आहे. पण जोर लावून तीच ती हालचाल आणि वाकलेलं मनगट ही कामगार संघटनेच्या यादीतली दोन कारणं पोळपाटावर रोज एकत्र येतात, आणि त्या कामाला कुणी धोक्याचं काम म्हणत नाही. कारखान्यात यंत्र धरणाऱ्याच्या मनगटासाठी निदान तशी नोंद तरी आहे. मावशींचं मनगट कुठल्या रजिस्टरात लिहायचं?

दुर्बिणीच्या ऑपरेशनचा तो आठवडाभराचा फरक माझ्या मनात तेव्हापासून घोळतो आहे. मला वैद्यकीय रजा होती, पगार चालू होता, विम्याने बिल भरलं. आठवडा आधी कामावर जाणं माझ्यासाठी सोयीचं होतं, इतकंच. ज्या बाईला त्या आठवड्याचं भाडं आणि किराणा निघायचा आहे, तिच्यासाठी तो आठवडा फार मोठा आहे. आणि दुर्बिणीचा जास्तीचा खर्च तिलाच परवडत नाही. हे मला टोचतं आणि ते टोचलंच पाहिजे.

मी माझ्या सर्जनना मावशींबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी मला छोट्या छेदाकडे वळवलं. कॅनडातले हाताचे सर्जन डोनाल्ड लालोंड यांनी रुळवलेली एक पद्धत आहे. भुलेच्या औषधात ॲड्रेनालिन मिसळून ते जागेवर टोचायचं आणि साधारण अर्धा तास थांबायचं. ॲड्रेनालिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्त फारसं येत नाही, म्हणून दंडाला तो पट्टा बांधावा लागत नाही. उपाशी राहायला नको, पूर्ण भूल नको, महागडं उपकरण नको. बोटाजवळ ॲड्रेनालिन टोचलं तर बोट सडेल, ही भीती डॉक्टरांमध्ये कित्येक दशकं होती, आणि ती निराधार असल्याचं याच मंडळींनी हजारो रुग्णांवरून दाखवलं. दीड-दोन सेंटिमीटरचा छेद, डोळ्यांसमोर पट्टा, बाई चहा पिऊन येते आणि चालत घरी जाते. हे ऐकून मला जे हायसं वाटलं ते माझ्या स्वतःच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही वाटलं नव्हतं. मावशींसाठी दुय्यम काहीतरी शोधावं लागेल या धास्तीत मी होते, आणि त्यांच्या हाताला हवं ते सगळं या मार्गात आहे.

त्यांचं एनसीव्ही झालं. दाब मध्यम निघाला. साखर ठीक, थायरॉईड थोडं कमी, त्याची गोळी सुरू झाली. रात्रीचा स्प्लिंट त्या नेमाने बांधतात आणि गार पाण्याची बादली आता लागत नाही म्हणतात. इंजेक्शन नको म्हणाल्या. ऑपरेशनला तयार आहेत, पण दिवाळीनंतर लग्नसराईत केंद्राची कामं वाढतात, तेव्हा हात सोडवता येत नाही. पौषात लग्नं नसतात म्हणून त्यांनी पौष धरला आहे. मला तो लांब वाटतो. डॉक्टरांनी अट घातली आहे की तोवर दर महिन्याला अंगठ्याची ताकद दाखवून जायची, आणि ती जराही उतरली तर लग्नसराई बघायची नाही. मावशींनी ते मान्य केलंय. आईच्या हाताची हकिगत मी त्यांना पूर्ण सांगितली, खळग्यासकट.

कणीक आता माझ्याकडे फूड प्रोसेसरवर भिजते, मावशी फक्त लाटतात. पहिल्या दिवशी त्यांनी तो गोळा संशयाने दाबून पाहिला आणि परत दोन हात मारले. आता मारत नाहीत. पौषात त्यांच्या जाऊबाई चारही घरी येतील. मला घोर आहे तो पैशांचा, कारण जाऊबाईंना दिलेले पैसे मावशींच्या हातात यायचे नाहीत, आणि लाटणं पुन्हा धरायला महिना-दीड महिना सहज जाईल. म्हणून मी उरलेल्या तिन्ही घरी जाऊन बोलते आहे की त्या काळात मावशींचा पूर्ण पगार चालू ठेवायचा आणि जाऊबाईंचा वेगळा द्यायचा. जोशीकाकूंनी ऐकताक्षणी हो म्हटलं. वरच्या मजल्यावरच्या दोघा नोकरदार मुलांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. त्यांतल्या एकाने तर कागदावर हिशेब मांडून दाखवला की महिन्याला दोघांत किती येईल. चौथ्या घरी वहिनींनी "बघू, यांना विचारते" म्हटलंय. रविवारी ते दोघं घरी असतात, तेव्हा मी पुन्हा जाणार आहे.